देव स्वप्नात येऊन खरंच काही सांगतो का?

आबोलीची_वेणी (फोंडा)

नमस्कार. टिंगल करणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा, कारण घरात आधीच पुरेशी झाली आहे.

श्रावणात सासूबाईंना दृष्टांत झाला. शांतादुर्गा परसातल्या आंब्याखाली ओलेत्यानं उभी होती आणि म्हणाली, "मला छप्पर नाही गो." त्या आंब्याखाली पूर्वी एक पाषाण होता आणि त्यावर रोज फूल वाहायचे, असं सासूबाई सांगतात. आमच्यापैकी कोणी तो पाहिलेला नाही. आता थोरल्या भावोजींनी ठरवलंय की घुमटी बांधायची आणि खर्च चौघा भावांनी वाटून घ्यायचा. मुंबईचे धाकटे भावोजी फोनवर म्हणाले, "आईला रात्री उशिरा जेवायला घालू नका." सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्या कोणाशी धड बोलत नाहीत.

घुमटीचं काय ते घरचे बघतील. मला वेगळंच विचारायचंय. देव भक्ताशी स्वप्नातून बोलतो असं तुम्ही मानता का? मानत असाल तर अमुक देवाचं आणि तमुक आपल्या मनाचं, हे कशावरून ठरवता?

खांडेपारचा_पूल

मनी वसे ते स्वप्नी दिसे. धागा संपला.

पखवाज_प्रेमी

संपला कसा? तुमच्या म्हणीनं तुकोबांचं काय करायचं ते सांगा आधी.

तुकोबांना गुरूचा उपदेश झाला तो स्वप्नात. गंगास्नानाला जाताना वाटेत बाबाजी भेटले, मस्तकावर हात ठेवला, रामकृष्णहरी मंत्र दिला, आणि हे सगळं कधी, तर माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय, नंतरच्या कोणा चरित्रकारानं चिकटवलेलं नाही. कवित्व कर असं सांगायला नामदेव पांडुरंगाला घेऊन आले तेही स्वप्नातच. बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू केलं, त्यांनाही अनुग्रह स्वप्नातूनच मिळाला. एकनाथांच्या स्वप्नात ज्ञानदेव आले आणि अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागलीय, आळंदीला येऊन ती काढ, म्हणाले. नाथ गेले, समाधी शोधली, आणि पुढे शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध झाली. वारकरी परंपरेतून ही स्वप्नं वजा केलीत तर गुरुपरंपरेचे किती दुवे उरतील बघा.

आणि एक बारीकशी गोष्ट. तुकोबांच्या त्या स्वप्नात गुरू भोजनाला पावशेर तूप मागतात आणि तुकोबा म्हणतात, "पडिला विसर स्वप्नामाजी". तूप द्यायचं राहूनच गेलं! रचून सांगणारा माणूस असला लाजिरवाणा तपशील कशाला ठेवील? मला तरी ते वाचलं की स्वप्न खरं पडलं होतं याची खात्री पटते.

रात्रपाळी

पेशानं नर्स आहे, आयडी त्यावरूनच. पखवाजदादा, तुकोबांना स्वप्न पडलं यावर माझाही पूर्ण विश्वास आहे. तुपाचा विसर तर अगदी स्वप्नातलाच वाटतो. पण स्वप्न खरं पडणं आणि ते बाहेरून कोणी पाठवलेलं असणं या दोन गोष्टी आहेत. तूप पहिलीचा पुरावा आहे, दुसरीचा नाही.

झोपेचं थोडं सांगते. १९५३ साली अमेरिकेत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतली एक अवस्था नोंदवली, जिच्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. साधारण दर दीड तासानं ती येते आणि पहाट होत जाते तशी लांबत जाते. रंगीत, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः तेव्हाची. माणूस त्याच्या मध्येच जागा झाला तर स्वप्न लक्षात राहतं, नाहीतर पुसलं जातं. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्या आज्या म्हणायच्या. पहाटेचं स्वप्न जास्त आठवतं, एवढं मी सही करून देईन.

आणि हे फक्त पाश्चात्त्यांचं म्हणणं आहे असं कोणी म्हणायच्या आत चरकाचं इंद्रियस्थान काढून बघा. तिथं स्वप्नाचे सात प्रकार दिले आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनापासून मागितलेलं, कल्पनेनं रंगवलेलं, पुढचं सुचवणारं (भाविक) आणि वातपित्तकफाच्या बिघाडानं पडणारं (दोषज). यातले पहिले पाच निष्फळ समजावेत असं वैद्याला स्पष्ट बजावलंय. दिवसा पडलेलं, फार आखूड आणि फार लांबलेलं स्वप्नही त्याच टोपलीत. म्हणजे चरकानं दार बंद केलेलं नाही, पण फट किती बारीक ठेवलीय बघा. सासूबाईंचा आंबा, पाषाण आणि देवी यातलं काय पाहिलेलं, ऐकलेलं, मागितलेलं नाही?

आबोलीची_वेणी

रात्रपाळीताई, टिंगल न करता विरोध कसा करावा हे माझ्या धाकट्या भावोजींना शिकवाल का?

भाष्यवाचक

ब्रह्मसूत्रांत हा वाद तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात आहे. तिसरं सूत्र म्हणतं स्वप्न मायामात्र. लगेच चौथं म्हणतं सूचकही आहे, कारण श्रुती तसं सांगते. तिथं शंकराचार्य छांदोग्य उपनिषदाचा दाखला घेतात की काम्य कर्म चालू असताना स्वप्नात स्त्री दिसली तर ते कर्म सफळ होणार असं समजावं. पण मग त्यांनी जे म्हटलंय ते मला फार आवडतं. सुचवलेली गोष्ट खरी निघेलही, तरी सुचवणारं स्वप्न खोटं ते खोटंच. देवी आंब्याखाली उभी नव्हती. तरीही छप्पर हवंच असेल, तर असेल.

खांडेपारचा_पूल

मग हवंय की नको? हे शास्त्रीबुवा नेहमीच असे!

सालसेतचो_पांव

मी ख्रिस्ती, मडगावजवळचा. मराठी शाळेत शिकलो, तेव्हा चुका पोटात घाला.

आमच्या शास्त्रात देव स्वप्नातून बोलतो हे मान्यच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात संत योसेफाला, म्हणजे मरियेच्या नवऱ्याला, चार वेळा स्वप्नातून सांगणं येतं. मरियेला स्वीकारायला भिऊ नको. उठ, बाळाला घेऊन इजिप्तला जा. आता परत ये. यहूदियात थांबू नको, गालीलाकडे वळ. पूर्वेकडच्या मागी लोकांनाही स्वप्नातच सांगितलं जातं की हेरोद राजाकडे परत जाऊ नका. येशूच्या खटल्याच्या वेळी न्याय करणाऱ्या पिलाताची बायको नवऱ्याला निरोप पाठवते, या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका, त्याच्यापायी मला स्वप्नात फार त्रास झाला. पिलातानं ऐकलं नाही, ते सोडा.

आमच्या आईनं झोपलेल्या सांजुझेची (याच संत योसेफाची) छोटी मूर्ती टेबलावर ठेवलीय. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१५ मध्ये मनिलाला सांगितलं होतं की त्यांच्याकडे अशी मूर्ती आहे आणि अडचण आली की ते चिठ्ठी लिहून तिच्याखाली सरकवतात. त्याच दौऱ्यात दोन दिवस आधी कोलंबोला त्यांनी आमच्या बाणावलीत जन्मलेल्या जुझे वाझला संत केलं होतं, म्हणून तो आठवडा गोव्यात सगळ्यांच्या लक्षात आहे.

पण दुसरी बाजूही त्याच पुस्तकात आहे. यिर्मया संदेष्टा 'मला स्वप्न पडलं, मला स्वप्न पडलं' असं ओरडत फिरणाऱ्यांवर असा काही तुटून पडतो की वाचावं. सिराखच्या ग्रंथात म्हटलंय, स्वप्नामागे लागणारा म्हणजे सावली पकडायला धावणारा. परात्परानं स्वतः पाठवलेलं नसेल तर त्यात मन घालू नका. मी आमच्या वाड्यावरच्या फादरना एकदा विचारलं होतं, पाठवलेलं कुठलं हे कळायचं कसं. ते म्हणाले, योसेफाची चारही स्वप्नं बघ. प्रत्येकात काम कोणाला सांगितलंय? योसेफालाच. उठायचं त्यानं, चालायचं त्यानं, गाढव त्याचंच. शेजाऱ्याकडून पैसे गोळा कर, असं एकही स्वप्न नाही.

पखवाज_प्रेमी

पांवबाब, तुमच्या फादरना माझा दंडवत सांगा. तुकोबांचंही तेच. कवित्व कर, म्हणजे तू कर. एकनाथांना ज्ञानदेव म्हणाले, तू ये.

मूळगावकार

आता मी बोलतो, कारण इथं सगळे जग फिरून आले आणि गोव्यातच काय करतात ते कोणी सांगितलं नाही.

आमच्याकडे दृष्टांत झाला म्हणून कोणी थेट काम काढत नाही. निदान जुन्या रीतीनं चालणाऱ्या घरांत तरी नाही. स्वप्न पडलं की देवळात जायचं आणि प्रसाद लावायचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भटजी मूर्तीवर ठराविक जागी ओल्या पाकळ्या किंवा फुलं लावतात, गाऱ्हाणं घालतात, आणि कुठली बाजू आधी सुटते ते बघतात. सर्वसाधारणपणे उजवा प्रसाद म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. प्रत्येक देवळाची रीत थोडी वेगळी. लग्न, घर, ऑपरेशन, सगळं विचारतात. आमच्या घरी आजोबांनी बोअरवेलची जागासुद्धा विचारली होती.

यातला मुद्दा लक्षात घ्या. स्वप्न पडतं एकट्याला, बंद डोळ्यांनी. प्रसाद पडतो चारचौघांसमोर, दिवसाउजेडी. स्वप्नात देवी काय म्हणाली ते फक्त सासूबाईंना माहीत. पाकळी कुठल्या बाजूला पडली ते भटजी, सासूबाई, सुना, मागच्या रांगेतला अनोळखी माणूस, सगळे बघतात. म्हणजे आपल्या पूर्वजांचा देवावर विश्वास होता, पण एकट्या माणसाच्या झोपेवर त्यांनी घरादाराचा निर्णय सोडला नाही. काही गावांत अवसर येतो, तिथंही अंगात आलेल्याला गावकरी उलटसुलट प्रश्न विचारतात. उगाच नाही विचारत.

रात्रपाळी

पाकळी सुटणं म्हणजे ओलावा, वजन आणि गुरुत्वाकर्षण. पण तुमचा मुद्दा पटला. निर्णय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणला की निदान एकट्याची मक्तेदारी मोडते.

जुनी_दफ्तरं

मूळगावकारांना एक पुस्ती जोडतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या तिसवाडी, साष्टी, बार्देशातली देवळं मोडली गेली तेव्हा पुष्कळ देव नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात आणले गेले. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्णेची म्हाळसा मार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. अशा स्थलांतरांच्या आणि स्थापनांच्या कथा गोव्यात गावोगाव आहेत आणि त्यांत दृष्टांत हटकून भेटतो. देवानं स्वप्नात येऊन जागा दाखवली, अमक्या ठिकाणी खणा म्हणाला, वगैरे.

मी या कथांकडे थोडा वाकड्या नजरेनं बघतो. ज्याच्या हातून जमीन, देऊळ, गाव सुटलंय त्यानं नव्या गावात हक्क सांगायचा कशाच्या बळावर? कागद नाही, सनद नाही. अशा वेळी 'देवानंच ही जागा मागितली' यापेक्षा बळकट दस्तऐवज कुठला? आणि आणखी एक पाहा. ज्याला दृष्टांत झाला त्याच्या घराण्याला पुढे मान. कोणाचा पहिला नारळ, कोणाची पहिली ओटी. कथेत स्वप्न पडतं ते अनेकदा गुराख्याला किंवा कष्टकऱ्याला, देवळाचा कारभार मात्र महाजनांकडे. गुराख्याच्या वाट्याला वर्षातून एक दिवसाचा मान येतो. म्हणून घरात कोणी दृष्टांत सांगितला की मी आधी बघतो, त्या जागेवरून वाद आहे का.

आबोलीताई, खाजगी विचारतोय, उत्तर नाही दिलंत तरी चालेल. ते परस कोणाच्या नावावर आहे?

आबोलीची_वेणी

चौघांच्या. वाटणी व्हायची आहे.

खांडेपारचा_पूल

😶

पखवाज_प्रेमी

थांबा थांबा. हे मला आवडत नाहीये. दफ्तरवाले, म्हातारीला जमिनीचं राजकारण सुचलं असं म्हणताय का तुम्ही? ज्या बाईनं जन्मभर त्या देवीला फुलं वाहिली तिच्या स्वप्नात देवी येणार नाही तर कोण येणार, तलाठी?

जुनी_दफ्तरं

मुळीच नाही. सासूबाईंच्या स्वप्नाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. घुमटी म्हणालं कोण? देवी म्हणाली छप्पर नाही. चौघांनी खर्च वाटा आणि त्या जागी बांधकाम करा, हे थोरल्या भावोजींचं भाष्य आहे. स्वप्न एकाचं असतं, अर्थ लावणारा भलताच असतो. फारोला स्वप्न पडलं पण धान्याची कोठारं योसेफाच्या हाती आली (पांवबाब, हा तुमचा तो सांजुझे नव्हे, जुन्या करारातला).

सालसेतचो_पांव

😄 बरोबर. पण त्यानं दुष्काळात लोकांना जगवलं, हेही लिहा.

सफा_तळें

फोंड्यातूनच. आमच्यात हदीस आहे की स्वप्नं तीन तऱ्हेची असतात: अल्लाहकडून खुशखबर, सैतानाकडून भीती, आणि माणसाचं स्वतःच्याच मनाशी बोलणं. चांगलं स्वप्न हा नुबुव्वतचा, पैगंबरीचा, शेहेचाळिसावा हिस्सा म्हटलाय. शेहेचाळिसावा. त्यावर आमचे मौलाना म्हणतात, उरलेले पंचेचाळीस हिस्से असल्यासारखं लोक वागतात. इस्तिखाराची, म्हणजे निर्णयासाठी अल्लाहकडे मार्ग मागायची, नमाज पढून लोक स्वप्नाची वाट बघत झोपतात, पण त्या दुआत स्वप्नाचा शब्दही नाही. आणि वाईट स्वप्न कोणाला सांगत फिरू नये, असंही आहे.

कांदोळेचो_नुस्तेकार

एवढे प्रतिसाद झाले आणि आबे फारियाचं नाव नाही? पणजीत जुन्या सचिवालयाजवळ तो काळा पुतळा रोज बघता ना, बाईवर हात उगारून उभा असलेला पाद्री? पर्यटक त्याला भलतंच समजतात. तो आमच्या कांदोळीचा, जन्म १७५६. पॅरिसला जाऊन १८१३ पासून लोकांसमोर माणसांना झोपवून दाखवायचा. त्या वेळी मेस्मर नावाच्या डॉक्टरचे अनुयायी म्हणायचे की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्यानं हे घडतं. फारिया म्हणाला, माझ्यात काही शक्ती नाही, जे होतं ते झोपणाऱ्याच्याच मनात होतं. त्या अवस्थेला त्यानं सजग झोप म्हटलं. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो वारला.

मला मजा वाटते ती ही की हा माणूस स्वतः पाद्री होता. देव मानायचा, आणि झोपेत माणूस जे बघतो-बोलतो ते त्याच्या आतून येतं असंही म्हणायचा. त्याला यात भांडण दिसलं नाही. आपल्यालाच का दिसतं?

आबोलीची_वेणी

सगळ्यांचे आभार. आता कालची बातमी ऐका. थोरल्या जाऊबाईंनाही दृष्टांत झालाय. देवी त्यांना म्हणाली की घुमटीला संगमरवर लावा.

खांडेपारचा_पूल

राजस्थानी की इटालियन, ते नाही सांगितलं?

मूळगावकार

हे होणारच होतं. पहिल्या स्वप्नाला मान मिळाला की दुसरं रांगेत उभं राहतं.

रात्रपाळी

जाऊबाई खोटं बोलतायत असंच काही नाही हं. घरात दिवसभर घुमटी, रात्री जेवताना घुमटी, तर स्वप्नात काय समुद्र दिसणार? चरकाचं 'ऐकलेलं' ते हेच.

उंबरठा_वहिनी

इतका वेळ नुसती वाचत होते. मला थोडं वेगळं दिसतं. आपल्या घरांतून बाईला 'मला हे हवंय' असं म्हणायची सोय किती होती? सासूबाईंच्या पिढीला तर नव्हतीच. पण 'देवीला हवंय' म्हटलं की घरातले पुरुष ऐकून घ्यायचे. याला ढोंग म्हणू नका, बोलायची तेवढीच वाट मोकळी होती.

रामानुजनचं उदाहरण बघा. समुद्र ओलांडायला कर्मठ घराचा विरोध. मग त्याच्या आईला स्वप्न पडलं, मुलगा गोऱ्या लोकांमध्ये बसलाय आणि नामगिरी देवी सांगतेय की त्याच्या आड येऊ नकोस. १९१४ ला तो इंग्लंडला गेला. देवी आली की आईचं मन वळलं, मला ठरवता येत नाही, आणि ठरवायची घाईही नाही. पण त्या स्वप्नानं आईला स्वतःचाच हट्ट सोडायला लावला.

आबोली, तुझ्या सासूबाईंना कोणी विचारलं का, की छप्पर म्हणजे त्यांना काय वाटतं? भावोजींना नव्हे, त्यांना.

आबोलीची_वेणी

आज दुपारी विचारलं, वहिनी. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वाटणी झाली की आंबा कोणाच्या वाट्याला जाईल कोण जाणे. तोडतील." घुमटीचं नावही काढलं नाही. पाषाण सापडला तर देवघरात आणून ठेवला तरी चालेल म्हणाल्या.

पखवाज_प्रेमी

घ्या. आता सांगा, देवी बोलली की नाही बोलली?

रात्रपाळी

सासूबाई बोलल्या. देवीच्या तोंडून का होईना, पहिल्यांदा कोणीतरी नीट ऐकलं.

आबोली, एक पेशातला प्रश्न. त्यांना रक्तदाबाचं औषध आहे का, आणि अलीकडे बदललंय का? काही गोळ्यांनी, विशेषतः प्रोप्रानोलोलसारख्या बीटा ब्लॉकरनी, फार ठळक स्वप्नं पडतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला फक्त.

आबोलीची_वेणी

आषाढात बदललीय. नाव बघून सांगते. हे धाकट्या भावोजींना कळता कामा नये.

पखवाज_प्रेमी

गोळीतून देव बोलत नाही असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

रात्रपाळी

आणि डोस उतरवला की देव गप्प होतो, ते कोणत्या?

मूळगावकार

या दोघांना भांडू द्या. आबोलीबाय, प्रसाद लावायला जाणार असाल तर थोडं ध्यानात ठेवा. वार आणि वेळ देवळात फोन करून विचारा. सणावारी बहुधा लावत नाहीत. प्रश्न एकच धरा आणि तो हो-नाहीचा हवा. 'घुमटी बांधू का' आणि 'आंबा राखू का' हे दोन प्रश्न आहेत, एकात कोंबू नका. कुठला आधी विचारायचा ते सासूबाईंना ठरवू दे, आणि गाऱ्हाण्याचे शब्द भटजींना त्यांनीच सांगायचे. थोरले भावोजी मध्ये बोलायला लागले तर त्यांना नारळ आणायला बाहेर पाठवा. जाऊबाईंच्या संगमरवराचं मात्र देवीला विचारू नका, तो फोंड्याच्या बाजारात विचारा.